दुसऱ्या सीझनला हिंदी नाही

“ते हिंदी बोलनारी बाई आजारी पडली काय व?”

मी परसातून तुरीच्या ओल्या शेंगांची टोपली घेऊन येत होते, तेव्हा बैठकीतून मोठ्या आईचा आवाज आला. टीव्हीवरची कॅप्टनबाई कालपर्यंत फर्डं हिंदी बोलत होती. आज ती इंग्रजी बोलायला लागली होती आणि खाली पांढरी अक्षरं पळत होती.

“सुट्टीवर गेली असन,” समोरच्या काकू म्हणाल्या. “संक्रांत हाये ना.”

“अन् बाकीचेही समदे संक्रांतीलेच गेले काय?” मोठ्या आईची सून, माझी वहिनी, म्हणाली.

हिंदी फक्त पहिल्या सीझनपुरतंच होतं, हे मला ठाऊक होतं. मी टोपली खाली ठेवली आणि चटईवर माझ्या जागी बसले.

परीक्षा संपल्यावर मी दारव्ह्याजवळच्या आमच्या गावी, मोठ्या आईकडे राहायला आले होते. मोठी आई म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. हिवाळ्यात तिच्याकडे दुपारचं काम ठरलेलं असतं: शेंगा सोलायच्या आणि सोले, म्हणजे ओले दाणे, पिशव्यांमध्ये भरून पुण्या-नागपूरच्या मुलांसाठी फ्रीजमध्ये ठेवायचे. आल्यानंतर एका दुपारी मी कोपऱ्यात बसून फोनवर माझी सगळ्यात लाडकी मालिका तिसऱ्यांदा पाहत होते. एक जहाज पिढ्यान् पिढ्या अंतराळात चाललं आहे. त्यावर इंजिनं दुरुस्त करणारी एक अबोल मुलगी आहे आणि तिला लहानपणापासून वाढवणारी कॅप्टनबाई. वहिनीनं खांद्यावरून डोकावून पाहिलं. “एकटीच काय पाहून राह्यली? टीव्हीवर लाव ना.” मी लावली, हिंदीत.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. इंटरनेटवर माझं एक पान आहे. तिथे मी नाव न लावता इंग्रजीत लिहिते: कुठल्या पुस्तकाचं सिनेमानं काय केलं, कुठली मालिका दोन सीझन आधीच थांबायला हवी होती, कुठल्या संगीतकारानं तेच सूर तिसऱ्यांदा विकले. वाचणारे मला मुलगा समजतात, भाऊ म्हणून वाद घालतात. मी सुधारत नाही. तिथला माझा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख असा, की डब केलेली मालिका पाहणं म्हणजे ती मालिका न पाहणंच.

आणि इथे मी रोज दुपारी हिंदीतलं अंतराळ ऐकत होते. इलाज नव्हता. शेंगेत अळी असते, त्यामुळे खाली बघावं लागतं. अक्षरं वाचत बसलं तर अळी सोल्यांसोबत सुपात.

पण मला मजा येत होती, हे मी त्या पानावर कधीच लिहिलं नसतं. जहाजावरच्या काचघरात टोमॅटो लगडलेले पाहून मोठी आई म्हणाली होती, “एक माशी नाई, एक फुलपाखरू नाई, अन् टमाटे लागले. कसे लागले?” जगभरच्या चाहत्यांनी या मालिकेचा कीस काढला आहे, पण हा मुद्दा माझ्या वाचनात नव्हता. सुरुवातीचं संगीत मी सवयीनं पुढे ढकलायला गेले, तर तिनं माझा हात धरला. “राहू दे. ते वाजल्याबिगर सुरू झाल्यासारखं वाटत नाई.” खरं तर मलाही नाही वाटत. मी फक्त त्यांना कंटाळा येईल म्हणून ढकलत होते.

पहिल्या सीझनच्या शेवटी कॅप्टनबाई त्या मुलीला एका ओसाड स्थानकावर सोडून जहाज घेऊन निघून जाते. त्यावरून कालपासून घरात दोन पक्ष झाले होते.

“टाकली तिनं पोरीले,” मोठी आई म्हणत होती. “सांगून गेली असती तं गोष्ट वेगळी.”

“नाई वो आत्याबाई, तिले काहीतरी कारन असन,” वहिनी सासूला म्हणत होती.

सकाळी भाकरी थापतानाही हेच चाललं होतं. आणि आता उत्तर समोर होतं, तर ते इंग्रजीत.

“जाऊ द्या, आपली रोजची लावू,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी रिमोट उचलला.

याआधी मला कधीच कुणाबरोबर ही मालिका पाहायला मिळाली नव्हती. आज ती बंद झाली असती, तर उरलेली पुन्हा एकटीनं, कोपऱ्यात.

“तुले तं समजते ना व हे?” मोठी आई मला म्हणाली. “सांगत जा आमाले.”

अडचण तिथेच होती. वऱ्हाडी मला सगळी समजते, पण तोंडातून निघतं ते शाळेत दुसऱ्या तासाला शिकवलेलं मराठी. लहानपणी भावंडं हसायची, म्हणून गावात आले की मी बोलणंच कमी करून टाकलं होतं. तरी घसा साफ केला.

“कॅप्टन असे म्हणत आहेत, की जहाजातील इंधन संपत आलेले आहे.”

काकूंना हसू फुटलं. “बाप्पा! हे तं आकाशवानीच्या बातम्या सुरू झाल्या!”

वहिनी सूप बाजूला ठेवून हसली. मलाही हसू आलं, पण मी पुढचं न सांगता शेंगांकडे वळले. काकूंचा अंगठा रिमोटवर गेला.

“थांब,” मोठी आई म्हणाली. “हे पाह्य, आली.”

पडद्यावर स्थानकाचं दार उघडलं होतं. दारात कॅप्टनबाई, आत ती मुलगी, हातात पाना घट्ट धरलेला. कॅप्टनबाई हेल्मेट काढते आणि एकच वाक्य बोलते. त्या वाक्यावर माझ्या पानावर आठवडाभर भांडण चाललं होतं. ती माफी मागते की रागावते, हा प्रश्न होता. मी स्वतः त्यावर लांबलचक लिहिलं होतं.

मोठ्या आईच्या हातातली शेंग अर्धी सोललेली राहिली. ती अक्षरांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

“काय म्हनते व ते? टाकलं होतं का नाई?”

इंग्रजीत ते चारच साधे शब्द होते. त्यांचं शाळेतलं मराठी माझ्या जिभेवर तयार होतं, पण ती बाई तसं बोलली नसती. ती मोठ्या आईसारखी बोलली असती, दम लागलेली, थोडी रागावलेली, थोडी रडवेली.

मी म्हणाले, “म्हनते, मी येतच होती व माय. तुले काहून वाटलं का मी नाई येनार?”