बाळकुमच्या शिवल्या

डोंबिवलीहून निघालेली ठाण्याची एसटी शीळफाट्याला अडकली. पुढे ट्रक आडवा झाला होता. शेजारच्या बाईंनी शेंगांची पुडी पुढे केली. "खा काका, नुसतं बघत काय बसलात?"

दोन शेंगा घेऊन मी हातातच धरून ठेवल्या. अनेक वर्षं टाळलेला प्रवास होता हा.

ऐंशीच्या दशकात मी बाळकुमजवळ विज्ञान शिकवत असे. अंकुर फुटताना मुलांनी पाहावा म्हणून वर्गाला एरंडाच्या बिया वाटल्या. दुसऱ्या दिवशी विलास म्हणाला, "सर, माझ्या बारक्या बहिणीनं सकाळी बिया चावून खाल्ल्या. दुसऱ्या द्या ना." मी हसून दिल्या.

त्या संध्याकाळी जेवणानंतर बारकीला उलट्या सुरू झाल्या. ती वाचली नाही. आईने शिवल्यांचं (खाडीतल्या शिंपल्यांचं) कालवण केलं होतं. गावाने दोष तिला दिला. एरंडाचं बी विषारी, हे मला तेव्हा आठवलं. पण सकाळचं विष संध्याकाळपर्यंत थांबेल कसं, अशी समजूत घालून मी गप्प बसलो.

पुढे कल्याणला शिक्षकांच्या शिबिरात एका प्राध्यापकांनी फळ्यावर पेशीतली आंतर्द्रव्यजालिका काढली. पडद्यांचं हे जाळं. इथे घडी नीट बसलेली प्रथिनं पुढे रवाना होतात. बिघडलेली मागच्या दाराने पेशीरसात टाकून मोडली जातात. एरंडाचं विष बाहेरून येतं, प्रथिनं रवाना होतात त्या वाटेने उलटं चालत जाळ्यात शिरतं, टाकाऊ प्रथिनाचं सोंग घेऊन मागच्या दाराने निसटतं आणि प्रथिनं घडवणारी यंत्रंच बंद पाडतं.

"वेळ किती लागतो?" मी विचारलं.

"वाट लांबची आहे हो. तासन् तास जातात."

शीळफाट्याचा ट्रक हटल्यावर ठाण्याला बस बदलून बाळकुमला उतरलो. भातशेतांत इमारतींचे सांगाडे उभे होते. हिराबाई, विलासची आई, ओट्यावर विकायच्या शिवल्या निवडत होत्या.

"मास्तर ना तुमी? पार पिकलात की." मग म्हणाल्या, "चा सुनेला सांगते. माझ्या हातचं या घरात कोन खात नाय."

मी सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"मंग माझ्या शिवल्या चांगल्या होत्या?"

"चांगल्या होत्या."

"बिया विलासनं आनलेल्या ना घरात?"

"मी दिल्या म्हणून."

"त्याला सांगू नका. त्याला पन पोरगी हाय आता."

त्या उठल्या, सुनेला बाजूला सारून कालवण केलं आणि माझ्यापुढे ताट ठेवलं. "खा." मी खाल्लं. त्या समोर बसून शेवटचा घास होईस्तोवर पाहत होत्या.

विलास स्टॉपपर्यंत सोडायला आला. "सर, आईच्या हातचं खाल्लंत? डेअरिंग आहे तुमची."

"चांगलं होतं. त्या दिवशीचंही चांगलंच होतं."

तो चालता चालता थांबला. "मग बारकी कशानं गेली?"

बस आली. मी चढलो.

हिराबाई आता नाहीत. घरातल्यांनी पुन्हा कधी त्यांच्या हातचं खाल्लं का, मला माहीत नाही. या लिखाणात मायलेकांची नावं बदलली आहेत. विलास हे वाचेल तर स्वतःला ओळखेलच. त्याच्यासाठी एवढंच: बारकीनं बिया खाल्ल्याचं सांगून तू दुसऱ्या मागितल्यास, तेव्हा शिक्षक मी होतो.