अकरा पायऱ्यांची हाळी

कोरोनाच्या किट कधीच्या संपल्या, मास्क कपाटात पडून पडून पिवळे झाले, सॅनिटायझरच्या रिकाम्या कॅनमधी आता लोक शेतावर पाणी न्यायलेत. पण त्या दिवसांचे किस्से काही संपत न्हाईत बघा! आम्ही राजेश्वरच्या फाट्यावर चहाला बसलो की कुणीतरी म्हणतंय, "ते आठवतंय का?" झालं! चहा गार, अन् बस गेली निघून.

आम्ही म्हंजे आरोग्य केंद्रातले चौघं. मी लॅब टेक्निशियन, लोकांच्या भाषेत 'नाकात काडी घालणारा अण्णा'. डॉक्टर मॅडम म्हैसूरकडच्या. घरात कन्नड, मराठी सगळी पेशंटकडून शिकलेली. जीपचा ड्रायव्हर महेबूबभाई. अन् कमलाक्का, मुडबीच्या बाजूला एक गाव हाय तिथली आशा. घरोघर हिंडून लस, औषधं, बाळंतपणं बघणारी. तिचं लगीन गावातल्या गावातच झालेलं, मामाच्या पोराशी. म्हणून माहेर अन् सासर दोन्ही एका हाकेवर.

त्या हाकेचीच गोष्ट हाय सगळी. कमलाक्काचा बाप मलप्पा, पंच्याहत्तरीचा धनगर, शेदीडशे मेंढरं बाळगून. कमलाक्का जीपमधी बसली की एकच बोलायची, "अण्णा, गाव सांभाळता सांभाळता माझा बाप हातचा जाऊ नये, बास." तिला आई न्हाई. लहानाची मोठी बापानंच केली.

•

पहिल्या दिवशी शाळेच्या वऱ्हांड्यात टेबल मांडून बसलो. माणसं आली, पण सगळी लांब उभी. नाकात काडी घालून घ्यायला कोण पुढं येणार? गावात उठलं होतं की काडी मेंदूपर्यंत जाती!

कमलाक्कानं बापाला हाताला धरून आणलं. "अप्पा, तुम्ही घेतलाव की सगळे घेतील."

मलप्पा काही लगेच बसला न्हाई. काठीवर हनुवटी टेकून रांगेकडं बघत, कान देऊन उभा राहिला. मग मॅडमला म्हणाला, "बाई, सगळ्यांच्या नाकात कशाला काड्या घालायलाव? ती हिरव्या लुगड्याची, तो चष्मेवाला, अन् ते पिशवी घेतलेलं पोरगं. तिघांचा खोकला बदललाय."

मॅडम हसल्या. मी पण हसलो. तिघांची टेस्ट केली, पंधरा मिनिटं थांबलो. तिन्ही किटवर दोन दोन रेघा!

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "अप्पा, कसं कळलं तुम्हाला?"

"दीडशे मेंढरांत एकाचा खोकला बदलला तर मला झोपंत कळतंय. माणसाचं कामून कळणार न्हाई?"

"अजून कोण हाय का?"

"हाय की एक." मलप्पा खुर्चीत बसला अन् नाक वर केलं. "घाल काडी. चौथा मीच हाय."

•

मलप्पाच्या किटवर बी दोन रेघा. मॅडमनी होम आयसोलेशन समजावून सांगायला घेतलं. वेगळी खोली, वेगळं ताट, वेगळं पाणी. मलप्पाचं घर दोन खोल्यांचं, माणसं नऊ. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायलेत.

मलप्पा म्हणाला, "येवढं शिकायला शहरात जावं लागतंय व्हय? आजारी मेंढरू वेगळं बांधायचं. पाणी वेगळं, चारा वेगळा, अन् पाठीवर कावेचा, तांबड्या मातीचा पट्टा, म्हंजे चुकून कुणी कळपात घालू नये. आमच्या आज्याला ठाऊक होतं हे!"

तसंच केलं पठ्ठ्यानं. घोंगडं खांद्यावर टाकलं अन् गावाबाहेरच्या टेकाडावर, मेंढरांच्या काटेरी कुंपणाच्या वाडग्याशेजारी झाडाखाली खाट टाकली. खाटेच्या खुराला कावेचा तांबडा पट्टा ओढला. पुतण्याला लांबूनच सांगितलं, "मेंढरं तू चार. भाकरी त्या दगडावर ठेव अन् मागं सर."

दुसऱ्या दिवशी गावात जाऊन बघतो तर काय! ज्या ज्या घरात दोन रेघांचा माणूस, त्या उंबऱ्यावर कावेचा पट्टा. कुणी सांगितलं न्हाई, नोटीस न्हाई, पोलीस न्हाई. शहरात लोक आजार लपवायलेत अन् हितं स्वतःच्या हातानं पट्टे ओढायलेत.

पण घोळ झालाच. एका घरी लगीन होतं. घरच्यांनी रीतीप्रमाणं भिंत चुन्यानं पांढरी केली अन् उंबऱ्यापासून खिडकीपर्यंत कावेचे झकास पट्टे मारले. नवरीकडची दहा माणसं आली, वेशीवरच त्यांना कुणीतरी पट्ट्याचा अर्थ सांगितलेला, त्यांनी लांबूनच पट्टे मोजले अन् आल्या पावली माघारी! नवरदेवाचा बाप मागं पळायलाय, "अहो, लग्नाचे हायेत! लग्नाचे पट्टे हायेत!" अन् व्याही पुढं पळायलाय, "येवढे? अख्खं घरच धरलंय की!"

•

गावाला ऑक्सिमीटर एकच, कमलाक्काच्या पिशवीत. आकडे लिहून ठेवायचं काम गुरुजींनी मागून घेतलं. गुरुजी रिटायर होऊन दहा वर्षं झाली, पण हजेरी घ्यायची हौस जात न्हाई. गल्लीत लांब उभं राहून वहीत लिहायचे अन् शेरे मारायचे. "सत्त्याण्णव, शाब्बास! तू रे? काल शहाण्णव, आज चौऱ्याण्णव? घसरलास! उद्या सुधारणा पाहिजे!"

लोक असे घाबरले की विचारू नका. एका आजीचे सलग तीन दिवस नव्व्याण्णव. धाप तर अशी लागायची की बोलताना मधीच थांबायची, अन् आकडा नव्व्याण्णव! कमलाक्कानं दाराचा पडदा बाजूला केला तर आजीनं नातीचं बोट पुढं केलेलं.

"आजी, हे काय?"

"माझं कमी पडतंय गं माय. गुरुजी रागं भरतेत!"

आजीला त्याच दिवशी जीपमधी घालून दवाखान्यात नेलं. बरी होऊन आली. गुरुजींनी त्या दिवसापासून शेरे बंद केले. नुसता आकडा लिहायचा अन् म्हणायचं, "बरं."

•

मलप्पाचं मात्र एक न्यारंच. त्याच्या बोटावर ऑक्सिमीटर चालंना! जन्मभर मेंढरं कातरून बोटांची कातडी चामड्यागत झालेली, वर कावेचा रंग मुरलेला. दहाची दहा बोटं लावली. मशीन घडीत एक आकडा दावतंय, घडीत दुसरा. मॅडम काळजीत पडल्या. नवं मशीन यायला आठवडा लागणार. तोवर याचा दम कसा कळायचा?

कमलाक्का म्हणाली, "मॅडम, अप्पाच्या हाळीवरनं कळंल."

त्याची हाळी म्हंजे, दिवस उगवला की कळप उठवायला तो एक लांब हाक घालतो, "हूऽऽऽऽ" करून, एका दमात. त्याशिवाय मेंढरं उठतच न्हाईत, पुतण्यानं गळा फाडला तरी न्हाई. आजारातही तो खाटेवरनं हाळी घालायचा, मेंढरं उठायची अन् मग पुतण्यामागं जायची.

कमलाक्काच्या घराला माळवदावर जायला बाहेरनं दगडी जिना. अकरा पायऱ्या. लहानपणी मामाकडं आली की हिचा खेळ ठरलेला. तिकडं टेकाडावर बापाची हाळी सुरू झाली की हितं ही चढायला सुरू. अकराव्या पायरीवर पाय अन् तिकडं हाळी बंद. लगीन झालं, दोन लेकरं झाली, तरी सकाळी वाळवण घालायला ती त्याच चालीनं चढायची अन् तिथंच हाळी संपायची.

"अकरा भरल्या की अप्पा ठीक," ती म्हणाली.

मॅडम मला इंग्रजीत म्हणाल्या, असं कुठल्याच पुस्तकात न्हाई. अन् मग कन्नडमधी पुटपुटल्या, "इरली." म्हंजे, असू द्या. रोज सकाळी फोन करून पायऱ्या कळवायच्या, असं ठरलं. आठच्या खाली गेलं की जीप, सिलिंडर अन् थेट दवाखाना.

•

पहिले चार दिवस अकरा. आम्ही खूश.

पाचव्या दिवशी कमलाक्काची स्वतःचीच टेस्ट केली. घरोघर हिंडून हिंडून व्हायचं ते झालं, दोन रेघा. तिनं आपल्या उंबऱ्यावर पट्टा ओढला, लेकरं जावेकडं दिली अन् माळवदाखालच्या खोलीत एकटी राहिली. ऑक्सिमीटर धुऊन पुसून गुरुजींकडं दिलं. पण सकाळची हाळी मोजायचं काम सोडलं न्हाई.

सातव्या दिवशी फोन आला. "अण्णा, आज दहा."

आठव्या दिवशी, "नऊ." तिचा आवाज बारीक झालेला. मला वाटलं, रडली असंल.

महेबूबभाई म्हणाला, "अण्णा, मैं रोज सुबू टेकाडके बाजूसेच आताऊँ. अप्पाका आवाज तो उत्ताच लंबा है." आम्ही म्हणालो, तू गाडी चालव भाऊ.

नवव्या दिवशी फोन लागला अन् पलीकडनं नुसती हुंदक्यागत धाप. "अण्णा... सात. पळा. माझा बाप..."

सिलिंडर टाकला, मॅडम मास्क बांधत बांधतच जीपमधी चढल्या. त्या रस्त्यावर जीप येवढी जोरात कधी गेली न्हाई अन् जाणार पण न्हाई. मॅडम सारखं एकच म्हणायलेत, कालच न्यायला पाहिजे होतं, कालच.

टेकाडावर पोचलो तर मलप्पा झाडाखाली बसून भाकरी अन् ठेचा खायलाय!

"काय झालं? कुणाला न्यायला आलाव?"

मॅडमनी श्वास मोजले. छाती तपासली. सगळं साफ. "अप्पा, पण हाळी... सात पायरीच..."

मलप्पाचा घास हातातच राहिला. "माझ्या हाळीत फरक न्हाई बाई. पुढचं मेंढरू त्या लिंबापाशी जातंय तोवर मी हाळी सोडत न्हाई. आज बी तिथंच सोडली." मग एकदम त्यानं गावाकडं बघितलं अन् भाकरी खाली पडली. "अरे, मी कमी पडलो न्हाई! माझी लेक चढता चढता थांबायलीय! पळा!"

•

कमलाक्का सातव्या पायरीवरच बसलेली, भिंतीला डोकं टेकून. ओठ निळसर. आम्हाला बघून उलट चिडलीच, "हिकडं कामून आलाव? अप्पाकडं जावा!"

गुरुजी ऑक्सिमीटर घेऊन धावत आले. आकडा शहाऐंशी.

मी गुरुजींच्या हातातली वही घेतली. गावातली सगळी नावं होती, एकेकाचे आकडे तारीखवार. कमलाक्काचं नावच न्हाई. तिचं बोट कुणी घेतलंच न्हाई, अन् तिनंही कुणाला घे म्हणून सांगितलं न्हाई. गुरुजी तिथंच मातीत बसले. "हजेरी घेणारीचीच हजेरी राहिली रे," म्हणाले अन् लेकरागत रडले.

सिलिंडर बापासाठी भरून नेलेला, तो लेकीला लागला. जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत मॅडम तिचा हात धरून होत्या. महेबूबभाई गाडी चालवता चालवता कसलीशी दुआ पुटपुटत होता. त्यानं आम्हाला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, अन् आम्ही त्यालाच गप्प केलं होतं.

•

कमलाक्का नऊ दिवस ऑक्सिजनवर राहिली. मग घरी आली. वजन निम्मं झालेलं, न्हाणीपर्यंत गेली तरी खाली बसायची. मॅडमनी ताकीद दिली, जिन्याकडं बघायचंसुद्धा न्हाई. रोज चार पावलं, मग आठ, मग अंगणात एक फेरी. मलप्पा बरा झाला होता, पण लेकीच्या अंगणात पाय ठेवला न्हाई. "मी आलो की ती उठून चहा करंल," म्हणायचा. सकाळी टेकाडावरनं हाळी तेवढी घालायचा.

बऱ्याच दिवसांनी मॅडम म्हणाल्या, "आज जिना. पण हळू. दमलं की थांबायचं, बसायचं. घाई न्हाई."

त्या सकाळी आम्ही चौघांतले तिघं, गुरुजी अन् अर्धी गल्ली अंगणात उभी. टेकाडावर मलप्पा उठून उभा राहिलेला दिसायला लागला. त्याला तिथनं जिना दिसतोय.

कमलाक्कानं पहिल्या पायरीवर पाय ठेवला अन् तिकडं हाळी उठली. "हूऽऽऽऽ"

दुसरी. तिसरी. चौथ्या पायरीवर ती थांबली, हात भिंतीला. हाळी चालू. पाचवी. पुन्हा थांबली. एवढ्यात रोजची हाळी संपायला पाहिजे होती. लिंबापाशी कळप पोचला अन् पुढचं मेंढरू मान वळवून मागं बघत उभं राहिलं. हाळी चालूच. सातव्या पायरीवर ती चक्क खाली बसली. गुरुजींनी डोळे मिटले. मॅडमनी घड्याळ बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, अन् घड्याळ कानाला लावलं. महेबूबभाईनं टोपी काढून छातीशी धरली. गल्लीत कुणी खोकलं न्हाई, कुणी हललं न्हाई.

कमलाक्का उठली. आठ. नऊ. दहाव्या पायरीवर डोळ्यांतनं पाणी यायलंय अन् ती हसायलीय. अकराव्या पायरीवर जाऊन तिनं दोन्ही हात वर केले.

तवा कुठं हाळी थांबली.

कितीतरी वेळानं मलप्पा गावात आला. अंगणाबाहेरच उभा. मॅडमनी त्याच्या छातीला नळी लावली, एकदा, दोनदा, अन् काढून गळ्यात टाकली. मीच विचारलं, "अप्पा, खरं सांगा, मधी दम घेतलाव का न्हाई?"

मलप्पानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मलाच काही कळत न्हाई.

"दम तिनं घेतला की! मी कशाला घेऊ?"