अकराव्या ओळीनंतर

शाळेत एखाद्याला कॉम्प्युटर येतो असं एकदा ठरलं, की निवृत्तीपर्यंत त्याची सुटका नसते. मी आठवी-नववीला मराठी शिकवते. कॉम्प्युटर मला येतो तो इतकाच, की तो बंद पडला तर मी घाबरत नाही. ठाण्यातल्या आमच्या शाळेत तेवढं पुरलं आणि सगळ्या वर्गांचे भाषेचे गुण सॉफ्टवेअरमध्ये चढवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी तक्रार करायला गेले, तर मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "तुमच्याइतकं व्यवस्थित दुसरं कोण करणार?" अशा बोलण्याला मी भुलते. तेव्हाही भुलले.

आमची शाळा पाचवीपासून आहे. जूनमध्ये पाचवीत मुलं येतात ती दहा ठिकाणच्या प्राथमिक शाळांतून, आणि कोण किती पाण्यात आहे हे पहिले काही महिने कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून जुलैत प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून वाचायला देतात. अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद, गोष्ट अशा पाच पातळ्या. मूल जिथवर नीट वाचतं ती पातळी शिक्षिका कागदावर त्याच्या हजेरी नंबरापुढे लिहिते. अक्षर आणि शब्दावर अडलेल्या मुलांना मधल्या सुट्टीनंतर जादा वर्ग मिळतो. बाकीच्यांना मिळत नाही, कारण त्यांना गरज नाही असं धरलेलं असतं.

कागदावरून सॉफ्टवेअरमध्ये चढवायची आमची एक पद्धत होती. एकीने बोलायचं, दुसरीने भरायचं. बोलणारीने फक्त नंबर आणि पातळी म्हणायची. नावं घेतली की प्रत्येक नावाला एक आठवण निघते आणि तासाचे दोन तास होतात. त्या दिवशी पाचवीचा कागद माझ्या सहकारी बाईंच्या हातात होता आणि मी भरत होते. "नऊ, वाक्य. दहा, गोष्ट. अकरा, दाखला."

अकरा नंबरची मुलगी जूनअखेरीला दाखला घेऊन बदलापूरला राहायला गेली होती. आमच्या हजेरीपटात असं मूल गेलं की नावावर लाल रेघ मारतात आणि तो नंबर वर्षभर कुणालाच देत नाहीत. जागा रिकामी राहते. सॉफ्टवेअरला ही रीत माहीत नव्हती. ऑफिसने तिचं नाव काढताक्षणी खालची सगळी मुलं गुपचूप एकेक पायरी वर सरकली होती. मी अकराव्या ओळीत 'गैरहजर' निवडलं आणि पुढे निघाले. त्या ओळीत खरं तर बारा नंबरचं मूल बसलेलं होतं. तिथून शेवटपर्यंत प्रत्येक नावापुढे त्याच्या आधीच्या मुलाची पातळी लागत गेली.

शेवटी कागदावर एक पातळी उरली. तिला द्यायला स्क्रीनवर नाव नव्हतं.

"नवीन ॲडमिशन असेल," सहकारी म्हणाल्या. "ऑफिसने अजून चढवलं नसेल."

तेवढ्यात चहा आला. मला ते पटलं.

ऑगस्टमध्ये पाचवीतल्या एका मुलीची आई मला भेटायला आली. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ती पॅकिंगला होती आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. वर्गशिक्षिकेने तिला माझ्याकडे पाठवलं होतं, कारण घरी पाठवलेला वाचनाच्या निकालाचा कागद माझ्या प्रिंटरमधून निघालेला होता. तिने तो टेबलावर ठेवला. मुलीच्या नावापुढे 'गोष्ट' लिहिलेलं होतं.

"बाई, हे बरोबर आहे का?"

"हो. छान वाचते तुमची मुलगी."

"नाही वाचत, बाई. मी बघितलंय ना. मसाल्याच्या पाकिटावरचं वाच म्हटलं, तर वास घेऊन सांगते."

मला हसू आलं. मी म्हणाले, "अहो, आईपुढे मुलं नाटकं करतात. इथे एकेकाला समोर बसवून परीक्षा घेतलेली आहे. आणि हे कॉम्प्युटरमधून आलंय."

तिने कागद उचलला. "मग असेल," म्हणाली. "मी आपली सातवी शिकलेली." कागदाची चौघडी करून तिने पर्समध्ये ठेवली आणि गेली. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. त्या बाईचं काकण हातात होतं आणि मी तिला माझा आरसा दाखवून परत पाठवलं होतं. एका आईची शंका मिटवली, या समाधानात मी डबा खाल्ला.

त्याच सुमारास जादा वर्ग घेणाऱ्या आमच्या निवृत्त बाई मला जिन्यात भेटल्या. "अगं, तू पाठवलेल्यातल्या दोघी-तिघी धडाधड वाचतात की! मी चष्मा विसरले तर एक जण मलाच फळा वाचून दाखवते."

"तुमचा हातगुण," मी म्हणाले. त्यांना बरं वाटलं, मलाही वाटलं. शिक्षकांच्या सभेत त्यांच्या नावाने टाळ्याही झाल्या.

नवरात्रात देवीच्या गर्दीमुळे टेंभी नाक्याकडचे रस्ते बंद होतात, म्हणून आमची शाळा ते दिवस अर्धा वेळच भरते. त्यातच वाचनाची दुसरी फेरी होती. पाचवीच्या बाई घोडबंदरच्या बाजूला ट्रॅफिकमध्ये अडकल्या आणि त्यांच्याऐवजी मी बसले. मुलं एकेक करून येत होती. कुणाची पातळी थोडी मागे-पुढे निघाली, तरी तीन महिन्यांत तेवढं होणारच असं मी धरत होते. मग ती मुलगी आली. मी तिला तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. दोन वेण्या, एकीची रिबीन निळी, दुसरीची काळी. स्क्रीनवर तिच्या नावापुढे 'गोष्ट' होतं, म्हणून मी गोष्टीचं कार्ड पुढे केलं.

तिने कार्ड हातात घेतलं. चित्रातल्या शेळीवर बोट ठेवून म्हणाली, "शेळी."

"चित्र नाही, खालचं वाच."

तिचं बोट शेळीवरच होतं. बाहेर लाउडस्पीकर लागला होता, मागे अजून वीस मुलं रांगेत होती आणि माझा पारा चढत होता. "अगं, वाच ना. तुला येतं. हे बघ, इथे लिहिलंय." मी चक्क स्क्रीन तिच्याकडे वळवली.

"मला माहितीये, बाई. घरी पण कागद आहे." ती अगदी शांतपणे सांगत होती. "मी रोज पुस्तक उघडून बघते, वाचता येतंय का ते. अजून येत नाही. पण तुम्ही लिहिलंय म्हणजे येईल ना?"

मी तिला शब्दांचं कार्ड दिलं. मग अक्षरांचं. त्यातली निम्मी तिला ओळखता आली.

रांग तशीच ठेवून मी कपाटातून जुलैचा कागद काढला. तिच्या नंबरापुढे, पाचवीच्या बाईंच्या वळणदार अक्षरात, 'अक्षर' लिहिलेलं होतं. 'गोष्ट' तिच्या आधीच्या मुलीची होती. मी बोट वर वर सरकवत नेलं आणि अकराव्या ओळीवरच्या लाल रेघेशी थांबले. मला लाज वाटली. चूक झाली याची वाटली, पण त्याहून जास्त त्या आईपुढे हसले होते याची वाटली.

मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं. अकराच्या पुढच्या सगळ्या ओळी दुरुस्त केल्या, या खेपेला नाव वाचून. सॉफ्टवेअर प्रत्येक बदलाचं कारण विचारत होतं. मी प्रत्येक वेळी लिहिलं, 'भरणारीची चूक'. निवृत्त बाईंचा हातगुण एका दुपारीत उतरला. "तरी मी म्हणत होते," एवढंच त्या म्हणाल्या.

मग त्या आईला फोन केला. मागे यंत्राचा खडखडाट चालू होता. मी माफी मागितली आणि काय झालं ते सांगितलं.

"मी तुम्हाला सांगितलेलं, बाई," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. मग म्हणाली, "आता शिकवा तिला."

त्या मुलीचा जादा वर्ग मी माझ्याकडे घेतला. वर्गात इतर चौघं होती, पण मी कुणासाठी बसत होते हे मला ठाऊक होतं. तिला काही जादूने आलं नाही. दिवाळीनंतर काना-मात्रा, डिसेंबरात शब्द, मग जोडाक्षरांपाशी तीन आठवडे मुक्काम. तिच्यापेक्षा मीच जास्त वेळा चिडले.

फेब्रुवारीच्या फेरीत तिने परिच्छेद वाचला. बोट ठेवून, दोनदा अडखळून, पण चित्राकडे न बघता शेवटपर्यंत वाचला. मला फार आनंद झाला. मी लगेच तिच्या ओळीत 'परिच्छेद' निवडलं आणि प्रिंटरकडे हात नेला.

"बाई, कागद नका ना काढू," ती म्हणाली. "आईला मीच वाचून दाखवणारे. मसाल्याचं नवीन पाकीट आणलंय. मी तिला सांगून आलेय, मी येईपर्यंत फोडू नको."