पंधरा डॉलरच्या आतल्या वाइन्स

२००४-०५ च्या सुमाराला अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडनच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये नागपूरचा एक जण बसायचा. काम डेटाबेसचं. पण महिन्यातून एकदा तो ओळखीच्या चाळीसेक मराठी लोकांना ईमेल पाठवायचा, पंधरा डॉलरच्या आत मिळणाऱ्या चांगल्या वाइन्सच्या यादीची. कॅलिफोर्निया त्यात वर्ज्य. "त्यांची जाहिरात करायला अख्खी दुनिया बसली आहे बे," म्हणायचा. व्हर्जिनियातल्या छोट्या द्राक्षमळ्यांवर जायचा, मिसूरीची नॉर्टन द्राक्षाची काळीशार वाइन कुठूनतरी शोधून आणायचा. आवडली नाही तर तेही स्पष्ट लिहायचा. शनिवारी मी सोबत असायचो, गाडी चालवायला. मला त्यातलं काही कळत नव्हतं.

गिळताना दुखतं म्हणून तो तपासायला गेला आणि घशाचा कॅन्सर निघाला. रेडिएशननं चव पार गेली. साधं पाणीही गंजलेल्या नळासारखं लागतं म्हणाला. ईमेल आता संपली, असंच मी धरून चाललो होतो. पण एका शनिवारी त्याच्या बायकोचा फोन आला. "भाऊजी, येता का? हे बोलावतायत."

टेबलावर एक बाटली होती आणि एकच ग्लास.

"तू पी," तो म्हणाला. "मी विचारतो, तू सांग."

आवाज इतका बसला होता की वाकून ऐकावं लागे. "आंबट कशासारखी? चिंचेसारखी का कैरीसारखी? गिळल्यावर जीभ कोरडी पडते का?" जांभूळ खाल्ल्यावर पडते तशी, मी सांगायचो, आणि तो लिहून घ्यायचा. अशा तीन ईमेल गेल्या. कुणालाही काही कळलं नाही.

चौथ्या वेळी व्हर्जिनियाचीच एक काबर्ने फ्रांक ही लाल वाइन होती. आदल्या वर्षीची त्याला फार आवडली होती. मी घोट घेतला. पाणचट, आणि मागून मिरचीच्या देठासारखी कडू. त्याच्या नाकात नळी होती, गाल बसले होते, आणि डोळे माझ्या तोंडावर.

"छान आहे," मी म्हणालो.

"छान म्हणजे कशी?"

पिकलेल्या करवंदांसारखी, म्हणालो. तो कितीतरी दिवसांनी हसला. यादीत तीच सगळ्यात वर गेली.

आठवड्याभरात दोघातिघांची उत्तरं आली. अरे यार, ही कशी काय सुचवलीस? त्यानं मला बोलावून घेतलं. आता बोलणंही बंद झालं होतं. कागदावर लिहून त्यानं विचारलं, 'खरं सांग, कशी होती?'

मी सांगितलं. मग म्हणालो, "तुला बरं वाटावं म्हणून बोललो रे."

त्यानं कागद पुन्हा पुढे ओढला. मग लिहिलं, 'मला जीभ नव्हती. म्हणून तुला बोलावत होतो.' आणि डोळे मिटून घेतले.

त्या संध्याकाळी सगळ्यांना ईमेल आली. 'मागची शिफारस चुकीची होती, चूक माझी, आजारपणात माझी चव गेली आहे हे आधीच सांगायला हवं होतं.' माझा उल्लेख नव्हता. वाचून मला शरम वाटली आणि, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखंही वाटलं.

पुढच्या शनिवारी फोन आला नाही. मी दोनदा आपणहून गेलो. दोन्ही वेळा वहिनी दारातच म्हणाल्या, झोपलेत. महिनाभरात तो हॉस्पिटलमध्ये गेला. तिथे मी पाहिलं तेव्हा शुद्ध नव्हती. चौथ्या दिवशी सगळं संपलं.

वहिनींचा व्हिसा त्याच्या व्हिसावर अवलंबून होता, त्यामुळे त्यांना घर आवरून परत जावं लागलं. मी खोकी भरायला गेलो. त्या त्याचे स्वेटर घडी करत होत्या. धीर करून विचारलं, "वहिनी, शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाला का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा विषयच काढला नाही त्यांनी."

त्यांनी खोकं बंद केलं, आणि मी टेप लावली.