कामावर असलेलं पाणी

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि त्याच साली दुष्काळ पडला होता. धाकट्या बहिणीचं इन्सुलिन चाकूरला मिळत नसे, म्हणून मी लातूरला जायचो. त्या दिवशी बर्फाचा कारखाना पाण्यावाचून बंद होता. दुकानदाराने बाटली नुसती कागदात गुंडाळून दिली.

एसटीत शेजारच्या फेटेवाल्याला मी म्हणालो, "हे गार राहायला हवं." त्याने बाटली माझ्या हातातून काढूनच घेतली, आपल्या पाण्याने भरलेल्या, जाड कापडाच्या ओल्या छागळीला उपरण्याने घट्ट बांधली आणि छागळ खिडकीबाहेर वाऱ्यावर टांगली. "पाणी पाझरतंय तवर गार ऱ्हातंय. भ्यायचं न्हाई."

मागच्या म्हातारीने पाणी मागितलं.

"न्हाई माय. आज पाणी कामावर हाय."

सगळी गाडी त्याला बोलली. स्वतःचे ओठ सुकले तरी त्याने घोट घेतला नाही. छागळीवर हात फिरवून ओल तेवढी बघत राहिला.

चाकूरला त्याने बाटली सोडून माझ्या हातावर ठेवली. चांगली गार होती. मी खाली उतरलो, तेव्हा खिडकीतून त्याचा आवाज आला, "घे माय, सुटलं पाणी कामावरनं. आधी तू पी."