मागच्या बाकावरचा माणूस

बाबांना मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या आणि त्यातल्या बहुतेक त्यांनी पकडल्या. ही एकच सुटली, आणि तीच पकडली जायला हवी होती.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. मी ठाण्यात वाढले, आता मिशिगनमध्ये नोव्हायला राहते. मराठी मंडळात मला विचारतात, "तुम्ही ज्यू? मग मराठी इतकं छान कसं?" आणि इथल्या सिनेगॉगमध्ये विचारतात, "तुझं कन्व्हर्जन कधी झालं?" दोन्हीकडे मी हसून वेळ मारून नेते. खरं सांगायचं तर धर्माशी माझा संबंध सणावारापुरता. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा लावायचा, तोही निम्म्या वेळा मीटिंगच्या नादात राहून जातो.

बाबांचं तसं नव्हतं. आई गेल्यापासून दरवर्षी तिच्या तिथीला ते ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये जाऊन कद्दिश म्हणत. गेलेल्या माणसासाठी म्हणायची ही प्रार्थना एकट्याने म्हणता येत नाही, दहा जण हजर लागतात. बाबांच्या लेखी दहा पुरुष. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना ऐन हिवाळ्यात इकडे बोलावलं, कारण मला रजा तेव्हाच मिळत होती. "तिथीला मी इथंच असलेला बरा," ते म्हणाले. मी फोनवर चिडलेच. "बाबा, दहा माणसं जमवायचं माझ्याकडे लागलं. तुम्ही फक्त विमानात बसा."

तिथीच्या सकाळी बघते तर गुडघाभर बर्फ. येतो म्हणालेल्यांपैकी एकाची गाडी ड्राइव्हवेमध्येच रुतली, दुसऱ्याने सरळ कॅन्सल केलं. बाबांना धरून नऊ पुरुष जमले. बाबा पहिल्या बाकावर, खांद्यावर प्रार्थनेची शाल घेऊन बसले होते. काचबिंदूमुळे त्यांना दोन हातांपलीकडचं धड दिसत नसे. दार वाजलं की मान वळवायचे. "दहा झाले का गं?"

आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. दहा शब्दांचं एक वचन आहे, त्यातला एकेक शब्द एकेका माणसावर ठेवत जायचं. हे काम करणारे गृहस्थ मोटार कंपनीतून रिटायर झालेले इंजिनिअर होते. काहींना कामावर जायची घाई होती, म्हणून त्यांनी पुटपुटत बोट फिरवायला सुरुवात केली. नववा शब्द शेवटच्या पुरुषावर पडला. मग ते वळले आणि दहावा शब्द त्यांनी माझ्यावर ठेवला. "यू आर अवर टेन्थ."

या सिनेगॉगमध्ये बायकांनाही दहांत मोजतात. मला ते ठाऊक होतं, आवडायचंही. चार लोकांत त्याचं कौतुक सांगायचे मी.

"झाले दहा?" बाबांनी विचारलं.

"झाले." इथवर मी खोटं बोलले नव्हते.

"कोण आला?"

खरं सांगितलं असतं तर ते पुस्तक मिटून गप्प बसले असते, आणि माझ्या हट्टापायी आईचं ते वर्ष रिकामं गेलं असतं. "आला एक जण. मागच्या बाकावर बसलाय," मी म्हणाले, आणि जाऊन मागच्या बाकावर बसले.

बाबा उभे राहिले. कद्दिशचा एक शब्द चुकला नाही. आमेन म्हणताना मला स्वतःचीच लाज वाटली.

एवढ्यावर मिटलं असतं तर बरं. घरी आल्यावर बाबांनी मलिदा करायला लावला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर आणि वरून फळं. एक डबा त्यांनी वेगळा भरला, बर्फातून आलेल्या त्या माणसासाठी. तो मी पोचवते म्हणून निघून एका दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून एकटीने संपवला. मग ठाण्याला परतायच्या आधी त्यांना त्याचं नाव हवं झालं. त्याच्यासाठी आशीर्वाद मागायचा तर नाव लागतं, बापाचंही लागतं. नाव मी दिलं काहीतरी ठोकून. बापाचं नाव काही केल्या सुचेना, शेवटी बाबांचंच सांगितलं.

"अगं, माझंच की!" केवढे खूश झाले.

तेव्हापासून ठाण्यात दर शनिवारी नसलेल्या त्या माणसासाठी आशीर्वाद मागितला जाई. बाबा मला फोनवर सांगायचे, "तुझ्यासाठीही मागतो, पण आधी त्याच्यासाठी." मी दर वेळी म्हणायचे, पुढच्या फोनला सांगून टाकू. मग त्यांचा आवाज ऐकला की शेपूट घालायचे.

यंदा बाबांचं खुब्याचं हाड मोडलं. अंथरुणातून उठणं बंद. तिथीच्या दोन दिवस आधी त्यांचा फोन आला. "यंदा माझ्याच्याने जाणं होत नाही. त्या माणसाला विचार, माझ्या वतीने म्हणेल का. तुलाच सांगितलं असतं गं, पण तुझं चालत नाही ना."

तोंडाशी आलं होतं. "विचारते," मी म्हणाले.

त्या सकाळी चौदा जण होते, माझी कुणाला गरज नव्हती. आईसाठी मी आयुष्यात पहिल्यांदा उभी राहिले. अक्षरांवर बोट ठेवून, लहान मुलीसारखी. मधेच आईचा चेहरा आठवला आणि ओळच सापडेना. इंजिनिअरकाकांनी हळूच पुढचा शब्द सांगितला. ही प्रार्थना माझी होती, आणि मी ती चोरासारखी म्हणत होते.

घरी येऊन फोन लावला.

"म्हणाला का गं?"

"म्हणाला, बाबा."

"नीट म्हणाला?"

"मधे अडखळला थोडा."

"असू दे," बाबा म्हणाले. "त्याची कुठे आई होती ती."