सूर्यमालेची बाजू घेणाऱ्या नणंदबाई

सूर्यमालेची बाजू घेऊन माणसांशी भांडणारी बाई मी उभ्या आयुष्यात एकच पाहिली, आणि ती नेमकी माझी मोठी नणंद निघाली. पेशाने त्या फार्मासिस्ट. आम्ही राहतो त्या दक्षिण गोलार्धातल्या देशात, ओटाहुहू नावाच्या उपनगरातल्या एका औषधांच्या दुकानात त्यांनी बरीच वर्षं काढली, आणि तिथल्या गिऱ्हाइकांना रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर थोडंफार खगोलशास्त्र फुकट मिळत असे. कुणी आत येऊन छत्री झटकत "रेनिंग अगेन!" म्हटलं की नणंदबाई चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "बी ग्रेटफुल इट इज वॉटर." पृथ्वी सूर्याच्या आणखी जवळ असती तर या पाण्याची वाफ झाली असती, फार लांब असती तर दगडासारखा बर्फ, हे सगळं त्या डबीवर लेबल चिकटवता चिकटवता सांगत. लोक ऐकूनही घेत. टोंगा बेटांवरून आलेल्या एक आजी तर गोळ्या संपायच्या आधीच येऊन बसायच्या.

थोडक्यात, नणंदबाईंसमोर तक्रार करायची सोय नव्हती. माझी लेक एकदा उन्हात खांदे भाजून घेऊन आली. आत्याबाई म्हणाल्या, "वर ओझोन आहे म्हणून खांद्यांवर भागलं. नसता तर?" लेकीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती इंग्रजीतच देते. ती म्हणाली, "आत्या, इट स्टिल हर्ट्स." मग याच आत्याबाई संध्याकाळभर तिच्या खांद्यांना कोरफडीचा गर लावत बसल्या. गर लावताना पृथ्वीच्या चुंबकत्वाबद्दल बोलत होत्या, ते सोडा.

सण त्या पृथ्वीच्या अक्षाच्या कलाने करत. बॉटनी डाउन्सला, आमच्या वस्तीत, आम्ही मराठी बायका जानेवारीत घामाघूम होऊन तिळगूळ वाटायचो, तेव्हा त्या हात जोडून बाजूला बसत. "अगं, इथे दिवस आता लहान व्हायला लागलाय. गोड कशाचं बोलताय?" आणि जूनच्या शेवटी, इथला दिवस मोठा व्हायला लागला की, बाहेर हाडं गोठवणारा वारा सुटलेला असताना, त्या घरोघरी तिळगुळाचे डबे पोचवत. शेजारच्या गोऱ्या बाईंनी कौतुकाने विचारलं, "इज इट अ रिलिजस थिंग?" तर नणंदबाई म्हणाल्या, "नो, नो. जॉमेट्री."

चंद्रावर तर त्यांचा फार जीव. एकदा आम्ही समुद्रावर गेलो. ओहोटी होती, म्हणून त्यांच्याच सल्ल्याने माझ्या नवऱ्याने नवीकोरी गाडी थेट वाळूवर नेली. खडकांमधल्या डबक्यात लेकीला खेकडे दाखवत नणंदबाई रंगात आल्या. चंद्र आहे म्हणून पृथ्वीचा तोल आहे, तोल आहे म्हणून ऋतू वेळेवर येतात, नाहीतर भोवरा मरताना झोकांड्या खातो तशी गत झाली असती आपली. आम्ही इतके तल्लीन झालो, की मागून कुणीतरी इथल्या पद्धतीचा नमस्कार घालत "किया ओरा! इज दॅट युवर कार?" म्हणेपर्यंत कुणाचं लक्षच नव्हतं. गाडीची चाकं पाण्यात होती. त्या भल्या माणसाने दोरखंड बांधून आपल्या ट्रकने ती ओढून काढली आणि "स्वीट ॲज", म्हणजे 'त्यात काय एवढं', म्हणून निघूनही गेला. नवरा गाडीतली वाळू उपसत होता. नणंदबाई समुद्राकडे बघत कौतुकाने म्हणाल्या, "काय वेळेवर आली रे भरती!"

याच स्वभावापायी बहीणभावात एकदा खरोखरचं वाजलं. माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसातली नवऱ्याची नोकरी अचानक गेली. तो सोफ्यावर भिंतीकडे बघत बसलेला. नणंदबाई आल्या, त्याच्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मंगळाचं जवळजवळ अख्खं वातावरण उडून गेलं रे. तुझी नोकरीच गेलीय."

नवरा ताडकन उठला. "ताई, कधीतरी नुसतं 'वाईट झालं' म्हणता येत नाही का तुला?"

त्या गोंधळल्या. "तसं म्हणून काय होणार?"

तो आतल्या खोलीत निघून गेला. मी भाजी चिरायचं सोडून दोघांच्या मधल्या दाराकडे बघत उभी राहिले. थोड्या वेळाने आतून कसलासा आवाज आला. रडतोय की काय म्हणून मी धावले, तर तो उशीत तोंड खुपसून हसत होता. "मंगळ म्हणे!" असं म्हणून पुन्हा हसायचा. त्यानंतर नणंदबाई रोज संध्याकाळी दुकानातून परस्पर आमच्याकडे यायच्या. येताना कधी कोथिंबीरवडी, कधी थालीपिठाची भाजणी. त्याला नवी नोकरी लागेपर्यंत हे चाललं. 'वाईट झालं' मात्र त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

यंदा त्यांनी इनव्हरकार्गिलची नोकरी घेतली. देशाचं पार खालचं टोक. तिथे फार्मासिस्ट मिळत नव्हते, यांना इथून दुसरीकडे कुठेतरी जाऊन बघायचं होतं. विमानतळावर माझे डोळे भरून आले तर म्हणाल्या, "रडतेस काय वेडे? हवा तीच आहे."

हिवाळा लागला आणि एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. "इथे फार थंडी आहे गं," त्या म्हणाल्या. मी पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. प्लूटो येईल, निदान नेपच्यून तरी येईल. काहीच आलं नाही. "पाच वाजता काळोख पडतो. एकटीपुरतं काय शिजवायचं, कळत नाही."

इतकी वर्षं ऐकलेलं सगळं मी मनात शोधून पाहिलं. पृथ्वीकडे येणारे धूमकेतू लांब ढकलणारा गुरू आठवला, आणखी काय काय आठवलं. त्या बाईला त्या वेळी कामी येईल असं त्यात काही सापडेना. "ताई, आम्हीच येतो," मी म्हटलं. शाळेला सुट्टी लागल्यावर तिघेही गेलो.

विमानतळावर त्या तीन स्वेटर घालून उभ्या होत्या. घरापर्यंतच्या वाटेत पलीकडे मावळतीचा लालभडक सूर्य होता, त्याच्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. लेकीचा हात मात्र सोडला नाही. घरी टेबलावर चार ताटं आधीच मांडलेली होती. त्यांनी गरम वरणभात वाढला, वर तूप घातलं आणि म्हणाल्या, "आलात."

मग लोणच्याची बरणी उघडायला ओट्याकडे वळल्या आणि आमच्याकडे पाठ करून, जरा हळू, पुन्हा म्हणाल्या, "आलात हो."